मास्तरांनी सरळ केलेलं मनगट

चित्रकलेच्या मास्तरांना एक खोड होती, आणि ती खोड आहे असं कुणी सुचवलंच तर ते चष्मा पुसायला घ्यायचे. शाळेतल्या कुठल्याही मुलाचं चित्र स्पर्धेला जाण्याआधी त्यावरून मास्तरांचा ब्रश एकदा फिरायचाच. बसकं नाक वर यायचं, कललेलं झाड ताठ व्हायचं. शाळेला दरवर्षी ढाल मिळायची. बायको म्हणायची, "बक्षीस पोरांना, कौतुक तुम्हाला, छान वाटणी आहे!" मास्तर ते हसण्यावारी न्यायचे. पोरांना काय वाटतं, हे विचारावंसं त्यांना कधी वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते घरात बसून तिच्या फोडणीत चुका काढू लागले, तेव्हा तिनेच त्यांना तुरुंगातल्या शाळेत पिटाळलं. तिथल्या जुन्या कोठाराच्या खोलीत वर्ग भरायचा. टोक केलेली पेन्सिल बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून दाराशी शिपाई झडती घ्यायचा. सुरुवातीला कैदी यायचे ते बराकीतून सुटका म्हणून. कुणी टेबलावर डोकं ठेवून घोरायचा, कुणी जेलरसाहेबांचं पोट काढून सगळ्यांना दाखवायचा. पण हळूहळू माणसं कागदात रमू लागली. एरवी शब्दाशब्दावर अंगावर धावून जाणारे एकमेकांना "जरा निळा दे रे" म्हणू लागले. मास्तरांची छाती फुगली, आणि ती फुगायला खरंच कारण होतं.

त्यांत एक गवंडी होता. मेहुण्यावर, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, लोखंडी सळईने हल्ला केला म्हणून आत आलेला. बोलायचा जेमतेम. सुटका जवळ आली होती आणि बाहेर त्याला घर म्हणावं असं एकच दार होतं, त्याच बहिणीचं. इतक्या वर्षांत ती एकदाही भेटीला आली नव्हती. कैद्यांच्या चित्रांचं प्रदर्शन वर्गाच्याच खोलीत भरायचं ठरलं, घरच्यांना बोलावणी गेली, आणि बहीण येतेय असा निरोप आला.

"मास्तर, मला बोलता येत नाही," गवंडी म्हणाला. "तिनं चित्र बघितलं की झालं."

चित्रात बहीण ओट्याशी उभी होती. पाठीचा बाक, ओघळलेला पदर, सगळं जिवंत. फक्त उजवा हात मनगटापाशी भलतीकडे वळला होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वर्ग सुटल्यावर मास्तर त्या चित्रासमोर थांबले. एवढं सुंदर चित्र आणि हात असा? बिचाऱ्याला मनगट जमलं नाही, असं म्हणत त्यांनी ब्रश भिजवला. मनगट सरळ झालं, बोटं सुबक झाली. मास्तर खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बहीण आली. जेलरसाहेब त्याच चित्रापाशी उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, "बघा, काय हात काढलाय!" ती पुढे झाली, बघत राहिली, आणि तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. तो मनगटापाशी भलतीकडे वळलेला होता.

"आमच्या ह्यांच्यावर सळई उगारलीस तेव्हा मी मध्ये पडले," ती भावाला म्हणाली. "कोर्टात सांगितलंस, ताई जिन्यावरून पडली. आज वाटलं होतं, निदान चित्रात तरी खरं बोलशील."

गवंड्याने आत्ता कुठे चित्राकडे नीट पाहिलं. मग मास्तरांकडे. त्या नजरेत राग असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. पण तो फक्त खाली बघू लागला, मास्तरांचं नाव त्याने घेतलं नाही.

समोर जेलरसाहेब, पाहुणे, आपलेच विद्यार्थी. क्षणभर मास्तरांच्या मनात आलं की गप्प बसावं, कुणाला कळणार आहे? असं मनात आलं याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. बहीण दाराकडे वळली होती.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "त्यानं हात वाकडाच काढला होता. मी सरळ केला. मला वाटलं, चुकलाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"तुम्ही त्याचे मास्तर. त्याचीच बाजू घेणार."

मास्तरांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि भर पाहुण्यांत चित्रावरचा हात पुसायला घेतला. वरचा रंग निघाला, त्यासोबत खालचाही निघाला. राहिला एक मळका डाग. गवंड्याने महिनाभर खपून काढलेलं त्यांनी दोनदा पुसलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं त्यांना. त्यांनी गवंड्यापुढे ब्रश धरला, पण गवंड्याने तो घेतला नाही.

आणि मग तो बोलला. सगळ्यांदेखत, घोगऱ्या आवाजात. "ताई, तू जिन्यावरून पडली नव्हतीस. मी मारलं. कोर्टात खोटं बोललो."

जेलरसाहेब खाकरले आणि पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या भिंतीकडे सरकले. बहिणीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग खुर्ची ओढून ती टेबलाशी बसली आणि मोडलेला हात पुढ्यात ठेवला.

"घरी यायचं काय ते मग बघू," ती भावाला म्हणाली. "आधी हा काढ. आहे तसा."

गवंड्याने ब्रश घेतला. मास्तर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, रंग कालवून द्यावा म्हणून. तिने मान वर केली.

"मास्तर, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मास्तर बाहेर जाऊन थांबले.