शुक्रवारी लूम बंद

कोल्हापुरात मी भिवंडीची आहे असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती येते. "म्हणजे ते गोडाऊनवालं?" असं विचारतात, नाहीतर रस्त्यांवरच्या खड्ड्यांची अशी चौकशी करतात, जणू ते माझे सख्खे नातेवाईक आहेत. लग्न होऊन इकडे आले तेव्हा एकदा जेवता जेवता मी सांगून टाकलं की आमची भिवंडीही गाण्याचं आणि खाण्याचं गाव आहे. सगळे हसले. पांढरा रस्सा वाढता वाढता मोठ्या जाऊबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "गाण्याचं? तिथं तर ऐकायला कानच शिल्लक राहत नाहीत म्हणे!" आपल्या गावाबाहेरही कुणी बरं गातं आणि बरं जेवतं, हे कोल्हापूरकरांना मुळात पटत नाही. म्हणून मी तो विषय सोडून दिला. पण जाऊबाईंचं बोलणं मनाला लागलं, कारण माझ्या वडिलांच्या बाबतीत ते खरं व्हायला लागलं होतं.

मी म्हणते ती भिवंडी बघायची तर शुक्रवारी यायला हवं. शुक्रवारी लूम बंद असतात. बाकीचे दिवस गाव या यंत्रमागांवर कापड विणतं, आणि त्या एका दिवशी गातं आणि खातं. सकाळी नान आणि पाया, म्हणजे खुरांचा रस्सा, घ्यायला हॉटेलांपुढे डबे घेऊन माणसं उभी असतात. दुपारी कुठल्यातरी गल्लीत बिर्याणीची देग उघडते आणि तिचा वास आमच्या वस्तीपर्यंत येतो. आमच्या वस्तीत त्याच वेळी सुके बोंबील भाजले जात असतात, त्यामुळे हवेत दोन्हींची मारामारी चालते. संध्याकाळी पलीकडे कव्वालीवाल्यांची बैठक, आणि अलीकडे बुद्धविहारात आमच्या गायन पार्टीची तालीम. त्या पार्टीत ढोलकीवर माझे बाबा.

बाबा मूळचे जवळच्याच दिघाशी गावचे. तरुणपणी लूमवर काम करायला भिवंडीत आले आणि कायमचे इथलेच झाले. कारखान्यात लूम चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. ती सवय घरीही आली. जेवायला बोलवायचं तर आई पाच बोटं एकत्र करून तोंडाकडे न्यायची. चहा असेल तर अंगठा ओठांना लावायची. सगळ्या घरांत असंच बोलवतात, असं मला लग्न होईपर्यंत वाटत होतं. सासरी पहिल्यांदा नवऱ्याला चहाला म्हणून अंगठा दाखवला, तेव्हा तो बिचारा बराच वेळ आपलं काय चुकलं याचा विचार करत बसला होता.

या हातवाऱ्यांमुळेच बाबांचे कान जात असल्याचं आम्हाला कळलं नाही. ते तोंडाकडे बघून सगळं समजून घेत. कळलं ते ढोलकीमुळे. गाणारा पुढे जायचा आणि बाबांची थाप मागे राहायची. पार्टीतले लोक त्यांना मानणारे. बरेच महिने कुणी काही बोललं नाही. मग एका तालमीला बाबा पोहोचले, तर त्यांच्या जागेवर दुसरा ढोलकीवाला बसला होता. "काका, तुम्ही आता आराम करा, ऐकायला बसा," असं कुणीतरी त्यांना म्हणालं. ज्याला ऐकू येत नाही त्याला ऐकायला बसा म्हणणं यात कुणाचा दुष्टावा नव्हता, पण बाबा घरी आले, ढोलकी खिळ्याला अडकवली आणि त्यानंतर विहाराची पायरी चढले नाहीत. मग हळूहळू बोलणंही थांबलं.

"बोलतच न्हाईत गं," आई फोनवर सांगायची. "जेवतात नि भितीकडं बघत बसतात. मी बोलले तरी तोंडाकडं बघत न्हाईत आता."

हे शेवटचं ऐकून मी घाबरले. तोंडाकडे बघणं सोडलं म्हणजे त्यांनी आम्हाला सोडलं, असंच मला वाटलं. ढोलकी परत हातात आली नाही तर हा माणूस असाच भिंतीकडे बघत संपून जाईल. मी बँकेतून रजा काढली, आईबाबांना थेट ठाण्याला एका दवाखान्यात बोलावून घेतलं आणि कानाचं मशीन घेतलं. त्या शांत, बंद खोलीत डॉक्टरबाईंनी ते त्यांच्या कानात बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, जेवलात का?" बाबा त्यांच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "न्हाय अजून." आईने पदर डोळ्याला लावला. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथूनच कोल्हापूरची गाडी धरली आणि ते दोघं भिवंडीला गेले.

दुसऱ्याच दिवशी आईचा फोन. "मशीन खराब हाय."

"कालच तर घेतलं!"

"यांच्या कानात खटखट खटखट वाजतंय. डोकं उठलंय नुसतं. काढून ठेवलंय."

दोघं मशीन घेऊन परत ठाण्याला गेले. दवाखान्यात मशीन ठणठणीत. घरी आणलं की पुन्हा खटखट. असं दोनदा झालं. मग तपासाला शेजारचे चाचा आले. चाचा उत्तर प्रदेशातले, बाबांच्याच कारखान्यात जन्म घालवलेले, शुक्रवारी कव्वालीला बसणारे. त्यांनी मशीन स्वतःच्या कानाला लावून बघितलं आणि मला फोनवर निकाल सांगितला, "बिटिया, इसके अंदर तो लूम चल रहा है. पूरा कारखाना भर के दे दिया है तुमको." आईनेही लावून बघितलं. तिचंही तेच मत. मी विचारलं, "आई, बाहेरचा आवाज येत असेल का?" तर आई म्हणाली, "बाहेर कसला आवाज? आपल्या गल्लीत शांतच तर असतं." तिघांचं एकमत झाल्यावर मशीन स्टीलच्या डब्यात बंद झालं आणि डबा फळीवर गेला. बाबांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, इतकंच आई म्हणाली. त्यांना बहुतेक आधीपासून खात्रीच होती की आपलं काही होणार नाही.

मी पुन्हा रजा काढली. साहेबांनी "आता काय?" असं विचारलं, त्यांच्याकडे मी दुर्लक्ष केलं आणि एका बुधवारी दुपारी भिवंडीत उतरले. डॉक्टरांशी भांडायची सगळी वाक्यं मी वाटेत पाठ केली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले आणि जागीच उभी राहिले.

केवढा तो आवाज! डाव्या हाताला कारखाना, उजव्या हाताला कारखाना, आमच्या घराची मागची भिंत तर कारखान्याचीच. खटखट, खटखट, खटखट. कित्येक महिने कोल्हापुरात राहून आले होते म्हणून तो मला ऐकू येत होता. लहानपणी याच आवाजात मी अभ्यास केला, झोपले, तापाने फणफणले, आणि तो आवाज आहे हे मला कधी कळलंही नव्हतं. घरात शिरले तर फळीवरच्या कपबश्या बारीक थरथरत होत्या. आई काहीतरी बोलत होती, मला तिचे ओठ तेवढे दिसत होते. मी ओरडून म्हटलं, "आई, केवढा आवाज आहे इथं!"

आईने इकडे तिकडे बघितलं. "कसला आवाज?"

मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं आमचं झालं होतं. मशीन अगदी चोख काम करत होतं. जे लूम आमच्यापैकी कुणालाच ऐकू येत नव्हते, ते बाबांना परत ऐकवत होतं.

पण हे बाबांना पटवणं सोपं नव्हतं. मी हातवारे करून, ओरडून, भिंतीकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं ते माझ्यावर चिडायला. "उभा जन्म लूमवर गेला माझा. मला लूमचा आवाज कळत न्हाय? हा भितीमागचा न्हाय, हा कानातला हाय." चाचांनीही मान हलवली. शेवटी मी म्हटलं, "शुक्रवारी लूम बंद असतात. शुक्रवारी एकदा घालून बघा. तेव्हाही वाजलं तर मी स्वतः ते खाडीत टाकून येईन." बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

गुरुवारी एक वाईट गोष्ट झाली. संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि एकदम लक्षात आलं की मला लूम ऐकू येत नाहीत. कारखाना चालू होता, कपबश्या थरथरत होत्या, पण माझ्या कानांना गल्ली शांत वाटत होती. एका दिवसात मी पुन्हा भिवंडीची झाले होते. एरवी मला त्याचं कौतुक वाटलं असतं, पण तेव्हा निवडलेलीच भाजी मी पुन्हा निवडायला घेतली. कालचा आवाज मलाच मोठा वाटला असेल का? मशीनमध्ये खरंच काही बिघाड असला तर? उद्या ते कानात घातलं आणि पुन्हा खटखटलं, तर बाबा तिसऱ्यांदा हरतील आणि त्यांना हरवणारी मी असेन. भाजीत मीठ दोनदा पडलं.

शुक्रवार उजाडला. कपबश्या थरथरायच्या थांबल्या होत्या. चाचांच्या घरून गहू-डाळ-मटणाच्या खिचड्याचं पातेलं आलं. आईने बोंबलाचं कालवण चुलीवर ठेवलं (गॅस असूनही शुक्रवारी तिला मागच्या दारची चूल लागते) आणि भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळायला घेतली. मी डबा फळीवरून काढला. बाबा नको म्हणाले. मी म्हटलं, "भाकऱ्या होईपर्यंतच. मग काढून ठेवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि कान पुढे केला, जसं लहान मूल औषधाला तोंड उघडतं.

मशीन बसवलं. बाबा डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसले. खटखटीची वाट बघत होते. मी त्यांच्या आठ्यांकडे बघत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग आठ्या एकेक करून गेल्या. त्यांनी डोळे उघडले आणि हळूच, कितीतरी वर्षांत प्रथमच हळूच, विचारलं, "कोण गातंय?"

मला वाटलं विहारातून आवाज येत असेल. पण विहारात इतक्या सकाळी कुणी नसतं. मी कान दिला. मागच्या दारी आई भाकरी थापत होती आणि थापता थापता गुणगुणत होती. गाणं पार्टीचंच होतं, बाबांनी शेकडो वेळा वाजवलेलं, पण चाल तिची स्वतःची होती, संथ, हाताच्या थापेवर चालणारी. मी त्या घरात लहानाची मोठी झाले आणि आई गाते हे मला ठाऊक नव्हतं. सहा दिवस लूम चालायचे, आणि सातव्या दिवशी आम्ही दोघं बापलेक सकाळी नान-पाया आणायला आणि संध्याकाळी विहारात तालमीला गेलेलो असायचो.

बाबा उठले आणि मागच्या दारात जाऊन उभे राहिले. आईची त्यांच्याकडे पाठ होती. ते तसेच ऐकत राहिले. मग आईला सावली दिसली आणि ती गप्प झाली. सवयीने तिने पाच बोटं तोंडाकडे नेली, जेवण होतच आलंय असं सांगायला.

"थांबलीस का?" बाबा म्हणाले. "गात व्हतीस ना."

आईचा हात तोंडापाशी तसाच राहिला. "ऐकू आलं तुम्हाला?"

"कधीपासून गातेस?"

"लगीन झाल्यापासून," आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच उतरवली.

बाबांनी खिळ्यावरची ढोलकी काढली. दोऱ्यांच्या कड्या सरकवून ती सुरात आणायला त्यांना वेळ लागला, पुन्हा पुन्हा बोटाने वाजवून ते कान लावत होते. मग चुलीपाशी येऊन बसले. आई लाजून गाईना. शेवटी तिने नुसतीच भाकरी थापायला घेतली, आणि बाबांनी त्या थापेला थाप दिली. थाप मागे राहिली नाही. त्यावर आईचा आवाज आपोआप आला. पातेलं परत न्यायला आलेले चाचा दारातच थांबले, आणि गाणं संपल्यावर म्हणाले, "निकल गया लूम?" बाबा म्हणाले, "शुक्रवार हाय भाई. लूम बंद."

ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी खिचडाही खाल्ला, बोंबीलही खाल्ले, आणि करपलेली भाकरीही खाल्ली.

त्या संध्याकाळी बाबा ढोलकी घेऊन विहारात गेले. नवा ढोलकीवाला आपणहून उठला, पण बाबांनी त्याला शेजारीच बसवून घेतलं. बाकीचे दिवस मशीन डब्यात असतं, कारण लूम चालू असताना त्याचा काही उपयोग नाही हे आता चाचांनाही मान्य आहे. बाबा पुन्हा तोंडाकडे बघतात आणि पुन्हा मोठ्याने भांडतात. जाऊबाईंना मी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला आणि बोंबील खायला भिवंडीला बोलावलं आहे. बघू येतात का.

आणि मी दर शुक्रवारी सकाळी आईला फोन करायचे, तो आता बंद झाला आहे. आईनेच सांगितलं, "शुक्रवारी नको करूस गं. आम्ही कामात असतो."