चांदीसमोर घेतलेलं नाव

कपाट आवरताना चामड्याचा जुना हातमोजा सापडला. नाकाशी धरला, तर त्याला अजून चांदीचा वास होता, धुळीचा आणि उंदरांचा.

चांदी म्हणजे गव्हाणी घुबड. गाडीची धडक बसून तिचा पंख कायमचा निकामी झाला होता. वनखात्याच्या परवानगीनं मी तिला हातावर घेऊन शाळाशाळांतून फिरायचे, घुबडं उंदीर खाऊन आपलं धान्य राखतात हे सांगायचे.

पुसेगावकडच्या एका शाळेत मी पुढं बसलेल्या मुलीला नाव विचारलं. तशी दारातून एक म्हातारी ओरडली, "सांगू नको गं! घुबडानं नाव ऐकलं की लेकरू झिजून मरतं."

तेवढ्यात त्या मुलीची आई दारातल्या बायकांना सारून आत आली आणि थेट चांदीसमोर उभी राहिली.

"हिचं नाव सारिका हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "ऐकलंस? सारिका! अन् माझं पहिलं पोरगं तापानं गेलं. घुबडापुढं मी त्याचं नाव घेतलं म्हणून गेलं म्हणत्यात, तसं न्हाई."

चांदी तिच्याकडं एकटक बघत राहिली.

माझं बोलणं तिला पटलं, असं वाटून तेव्हा मी खूश झाले होते. आज मला स्वतःची मुलगी आहे, म्हणून कळतं की तिला काहीच पटलेलं नव्हतं. बोलताना तिनं पोरीला पदराआड ओढून धरलं होतं. भीती तशीच पोटात ठेवून ती म्हातारीकडं वळली आणि तिच्या तोंडावर तिनं पुन्हा पोरीचं नाव घेतलं.