जोडीची लाल मोटार

माझे साडू दत्तूभाऊ यांच्याकडे सोळा मोटारी आहेत आणि एकीतही ते मावत नाहीत.

देवळाली प्रवऱ्यात ऊस सांभाळून हे गृहस्थ जत्रेतल्या जुन्या मोटारी जमवतात. त्याच, गोल चक्रावर पोरांना बसवून गरगर फिरवायच्या, पत्र्याच्या! गेल्या वर्षी पेपरात त्यांचा फोटो आला. (चार कॉलमी! माझा आजवर फक्त मतदार ओळखपत्रावर आलाय.) मी जळलो. खोटं कशाला सांगू, पार कोळसा झालो.

त्यातही त्यांची लाल मोटार म्हणे सर्वांत दुर्मीळ.

"असल्या दोनच उरल्यात," ते सांगत. "जोडीची घावली तर जन्माचं सार्थक हुईल!"

आणि ती जोडीची मोटार श्रीरामपुरात, आमच्या घरामागच्या भंगारवाल्याकडे मलाच सापडली! मी ती गुपचूप उचलली.

"दाजींना कळवा की," बायको म्हणाली.

"कळवणार! पण आधी नवी कोरी करून!"

टेम्पोत घालून मोटार थेट नागापूरच्या एमआयडीसीत, रंगकामाच्या कारखान्यात नेली.

"सर, बॉनेटवर कुनीतरी हातानं मोर काढलाय," पेंटर म्हणाला. "ऱ्हाऊ द्यायचा का?"

"मोर? खरवडा! कणसुद्धा ठेवू नका!"

त्यानं खरवडला. मग भट्टीत भाजून असा चकचकीत लाल रंग दिला की बघणाऱ्यानं डोळे मिटावेत!

रविवारी साडूंना जोडीनं बोलावलं. गाडीची पूजा! हार, नारळ, पेढे. चाकाखाली लिंबूही ठेवलं, पण चाकं नुसती शोभेची, फिरतात कुठं? शेवटी लिंबू मीच टाचेनं चिरडलं.

साडू मोटारीभोवती दोनदा फिरले. त्यांचा चेहरा कधी पडतोय, याची मी हार हातात धरून वाट बघत होतो.

"मोर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसला मोर?"

"पाळणेवाल्यानं सोता काढलेला! माझ्या गाडीवर हाय, हिच्यावरबी असनारच. त्या मोरालाच तर मोल! बिनमोराचा नुस्ता पत्रा हो साडूभाऊ!"

"तो... मी खरवडला."

साडू बॉनेटवर बोटानं मोर चाचपत राहिले. बायकोनं नारळ उचलून आत नेला, चटणीसाठी.

महिन्याभरात पेपरात पुन्हा साडूंचा फोटो आला. शेजारी मोरवाली मोटार आणि वर मथळा: 'एकमेव उरलेली!'

दुर्मीळ ती आधीपासूनच होती. एकमेव मात्र मी केली, तीही स्वखर्चानं!