खिळ्याला टांगलेली सही

ती घटना आजही आठवते ती एका बाईंनी मला विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे.

माझी नेमणूक तेव्हा सोलापूर शहराबाहेरच्या एका पोलीस ठाण्यात होती. सकाळची हजेरी उरकत होतो, तेवढ्यात होटगीच्या बाजूच्या एका खेड्यातली म्हातारी विधवा घराचा उतारा घेऊन आली. तिचं राहतं घर पुतण्याच्या नावावर चढलं होतं आणि तो तिला बाहेर काढायला निघाला होता. कागदाखाली सरपंचबाईंची डिजिटल सही होती. गुन्हा नोंदवला आणि बाईंना बोलावून घेतलं.

बाई पन्नाशीच्या, शेतात राबणाऱ्या. निवडून आल्यावर सुनेकडून पाटीवर गिरवून सही शिकलेल्या. अटक झाली तर पद जाईल आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

“सही माजीच हाय की सायेब. पर मी केल्याली न्हाय,” त्या म्हणाल्या.

असली उत्तरं ऐकून माझे केस पिकले होते. बाई पोचलेली दिसते, असंच मला वाटलं.

विचारत गेलो तसं कळलं. त्यांच्या सहीचं टोकन, म्हणजे संगणकाला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, पंचायतीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं असे. पिनही पंचायतीच्या संगणक ऑपरेटरनेच ठरवला होता. बाईंना वाटे, ऑफिसचा शिक्का असतो तसंच हे, घरी न्यायचं नसतं. मी आवाज चढवला आणि विचारलं, आपली सही अशी दुसऱ्याच्या हातात कुणी देतं का?

बाईंनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे आमचे हवालदार तसलाच तुकडा लावून माझ्या नावाने अहवालांवर सह्या करत होते.

“तुमची कुटं असती, सायेब?”

टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. मी दोन चहा मागवले. खरं सांगतो, इतका ओशाळलो होतो की त्यांच्या नजरेला नजर देववेना.

सायबर शाखेने दाखवून दिलं की सहीबरोबर तारीख आणि वेळही नोंदली जाते. सकाळचे अकरा चाळीस. त्या दिवशी त्या वेळी बाई सोलापुरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होत्या. दवाखान्याचा कागद त्यांनी जपून ठेवला होता.

ऑपरेटर मात्र ‘बाईंनीच सांगितलं’ यावर अडून बसला. मी सायबर शाखेचा आणि दवाखान्याचा असे दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले आणि बंदोबस्ताची यादी करत बसलो. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. पंधरा मिनिटांत तो रडायला लागला. पुतण्या त्याचा मेहुणा निघाला.

नोंद रद्द झाली. नवा उतारा बाई स्वतः म्हातारीच्या हातात देऊन आल्या. मीही त्याच संध्याकाळी हवालदारांकडून माझं टोकन मागून घेतलं. गुन्हेगार शोधता शोधता आपलीच ढिलाई सापडते, हे नोकरीने मला फार उशिरा शिकवलं.

पुढे बाई मुद्दाम ठाण्यात आल्या. नवं टोकन काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं. पिन काय ठेवला, मी गमतीने विचारलं.

त्या पदराआड हसल्या. “ते तुमाला बी सांगणार न्हाय, सायेब.”

आयुष्यभर लोकांकडून कबुल्या घेतल्या, पण या नकाराएवढा आनंद मला कुठल्याच कबुलीने दिला नाही.