बाळकुम ते टिटवाळा, एका म्हाताऱ्या सायकलीवर

दुकानात नवी कोरी सायकल मिळत असताना माणूस कोंबड्यांच्या खुराड्यातली गंजलेली सायकल उचलून घरी का आणतो? हा प्रश्न मला आबांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, पोस्टमननेही विचारला. मी बी.ए. झालेली, आमच्या घरातली पहिलीच, त्यामुळे सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ असलीच पाहिजेत अशी गावाची समजूत आहे. या प्रश्नाचं नाही. माहीत असतं तर एखादा गंभीर लेख लिहिला असता, प्रवासवर्णन लिहायला बसले नसते.

सायकल ठाण्यातल्या एका सुईणबाईंची. विलायती, बायकांसाठी बनवलेली, मधला दांडा खाली वाकवलेला. बाईंनी तिच्यावरून निम्म्या ठाण्याला जगात आणलं आणि मग तिला परसात टेकवून ठेवलं. मी मागायला गेले तेव्हा तिच्या कॅरिअरवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. "पिल्लं बाहेर येईपर्यंत थांब," बाई म्हणाल्या. थांबले. भारतीय स्त्रीच्या प्रगतीच्या आड आजवर बरंच काही आलं आहे. त्यात एक कोंबडी वाढली.

जुनी सायकल घ्यायची कुणाची इच्छा असेल तर आधी हवा बघा. आमची हवा खाडीची. आबांचा जन्म मिठागरात गेला. आमच्याकडे माणसं सोडून सगळं गंजतं, आणि माणसांचंही मी खात्रीने सांगणार नाही. सायकल सुटी केली. छर्रे रॉकेलमध्ये भिजवले, तेही आयच्या आमटीच्या वाडग्यात, त्याबद्दल ऐकून घेतलं. मडगार्ड विटेच्या भुकटीने घासले. चाकाच्या तारा एकेक पिळून चाक सरळ केलं. पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी असते, ती कोंबड्यांनी खाल्लेली. मी क्रोशाने नवी विणली. विणकामाचा उपयोग झाला म्हणून आय खूश झाली. बी.ए.चा उपयोग कधी होणार, हे आबा विचारत राहिले.

तो उपयोग टिटवाळ्याच्या पुढच्या एका गावात निघाला. तिथल्या नव्या शाळेने मला शिक्षिका म्हणून बोलावलं. स्टेशनपासून शाळा दूर, वाट शेतांतून, गाडीघोडा नाही. मी पत्रात लिहिलं, स्टेशनपासून सायकलने येईन. आबांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि बराच वेळ विडी ओढली.

"वाटंत मोरली तं? शेतात एकटी काय करशील?"

"दुरुस्त करीन."

"मंग करून दाव. हितून तिकरं ने. वाटंत मोरली तं तूच नीट करायची, कुनाचा हात लागला नाय पायजे. बैलगारीत घालून आनलीस तं नोकरी इसर. जमली तं मी इचार करतो."

हा शेवटचा भाग नीट वाचा. जमलं तर नोकरी नव्हे. जमलं तर विचार. आमच्या घरात विचार करणं हे पुरुषांचं खातं आहे आणि तिथे काम फार सावकाश चालतं.

साक्षीदार म्हणून मामाला नेमलं. मामा आयचा धाकटा भाऊ. त्याची सायकल नवी, आपल्याच देशात बनलेली, हिरवीगार, आणि तिच्या घंटीचा आवाज सायकलीपेक्षा मोठा. "इंग्रज गेले, पन ही म्हातारी हितंच ठेवून गेले," तो माझ्या सायकलीकडे बघून म्हणाला. "बीए, हिला इचार, परत जायचं हाय कं?"

पौषातल्या शनिवारी उजाडताच निघालो. थंडी अशी की आयने मला आबांची कानटोपी घालायला लावली. एवीतेवी रस्त्यावर सगळे आपल्यालाच बघणार, तर निदान काय बघावं याबद्दल त्यांना पर्याय मिळाला. आयने सायकलीच्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "सांजच्याला मी पन केलंय तुझ्या गारीचं." काय केलं ते विचारायला हवं होतं. मला वाटलं, प्रार्थना.

ठाण्यातून कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत रस्ता उत्तम. पुढे मुंब्र्याकडे डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला डोंगर, आणि समोरून येणारे ट्रक, ज्यांना रस्त्याची दोन्ही अंगं आपलीच वाटतात. सकाळी जा, ऊन डोंगरामागे असतं. चढावर उतरून चालत जायला लाजू नका. मामा लाजला, म्हणून चढ संपल्यावर मला त्याची बराच वेळ वाट बघावी लागली.

मग उतार आला. सायकल चालवणाऱ्यालाच ते सुख ठाऊक. पाय थांबवायचे आणि चाकांनी आपलं आपण गात जायचं. खाडीवर धुकं, बगळे, पदराला वारा. त्या क्षणी मी शाळेतल्या मुलींना सांगायचं एक भाषण मनात रचत होते. त्यात 'स्वावलंबन' हा शब्द तीनदा आला होता. उतार संपला, मी पायडल मारलं, आणि पाय रिकाम्या हवेत फिरला. पुन्हा मारलं. पायडल गोल फिरत होतं, चेनही फिरत होती, चाकाला मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

मुंब्र्याच्या वेशीजवळ चहाच्या टपरीपाशी सायकल आडवी केली. बाई सायकल आडवी करून बसली आहे ही बातमी तारेपेक्षा लवकर पसरते. पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमलं.

"चेन ढिली झालीय."

"चेन नाय, नशीब ढिलं झालंय. बायांनी कशाला…"

"दादा, तुमची सायकल कोणती?" मी विचारलं.

"आपल्याकडं नाय सायकल."

"मग थोडं सरकता? ऊन येऊ द्या."

मामाने मला बाजूला घेतलं. भाजीचा एक रिकामा ट्रक कल्याणकडे चालला होता, ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा. "दोनी गाऱ्या टाकू. टिटवाल्याच्या अलीकरं उतरू. भावजींना मी सांगन, पोर उरत गेली."

"आबांनी साक्षीदार म्हणून पाठवलंय तुला."

"मंग? साक्षीदार कदी खोटं बोलत नाय कं?"

न्यायखात्याबद्दलचं मामाचं ज्ञान माझ्याहून जास्त आहे हे मान्य करून मी नाही म्हटलं. तत्त्वनिष्ठ माणसाला एवढीच अडचण असते, की नाही म्हटल्यावर पुढे काय करायचं हे तत्त्व सांगत नाही. ट्रक गेला. सायकल तिथेच. नोकरी मागच्या चाकाच्या बोटभर जाडीच्या लोखंडी चकतीत अडकलेली, जिला फ्रीव्हील म्हणतात.

ज्यांनी कधी ती उघडली नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्रीव्हीलच्या पोटात दोन बारीक खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. पाय थांबवले की त्या आत दबतात, टकटक वाजतात. माझ्या सायकलीची टकटक बंद होती, म्हणजे खिट्ट्या दबून आतच चिकटल्या होत्या. पण का? मी स्वतः धुऊन, मशीनचं पातळ तेल घालून ठेवलं होतं. नाक जवळ नेलं. वास ओळखीचा होता. दर रविवारी माझ्या डोक्याला येतो तो.

आयने काल संध्याकाळी काय केलं होतं ते कळलं. लेकीच्या केसांना लावते तेच घाणीचं ताजं खोबरेल तिने लेकीच्या सायकलीला पाजलं होतं, हात राखून नव्हे, भरभरून. आणि पौषात खोबरेल बाटलीतसुद्धा थिजून पांढरं होतं. सपाटीवर पायडल चालू होतं तोवर खिट्ट्या दात्यांत धरून होत्या म्हणून गाडी चालली. चढावर गाडी ढकलली, उतारावर पाय थांबले, त्या आत गेल्या आणि तुपासारख्या घट्ट तेलात गप्प बसल्या. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याचे फक्त लाड झाले होते.

टपरीवाल्याकडे उकळतं पाणी मागितलं.

"बाई, चाय प्यायला देतो, चाकाला पाजायला नाय."

"तीन चहाचे पैसे घ्या. दोन आम्हाला, एक चाकाला. चाकाच्या चहात पावडर, दूध, साखर घालू नका."

"आद्रक?" त्याने गंभीरपणे विचारलं. सबंध रस्त्यावर मला भेटलेला तो एकमेव समजूतदार माणूस.

केटलीच्या तोटीने पाणी फटीत ओतलं, चाक उलटं फिरवत राहिले. पांढरं तेल वितळून बाहेर येऊ लागलं आणि मंडळ पुढे सरकलं. एकाने हात घातला तेव्हा मी एवढ्या जोरात "हात लावू नका!" ओरडले, की टपरीवाल्याचं एक गिऱ्हाईक उठून गेलं. माझी नोकरी त्या हाताच्या अंतरावर होती हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? मग टपरीच्या स्टोव्हचं थोडं रॉकेल, मग पुन्हा गरम पाणी, उन्हात वाळवणं, शेवटी पिशवीतल्या कुपीतलं मशीनचं तेल, मोजून थेंब. चाक फिरवलं. टक. मग टकटक. मग अखंड टकटकटकटक. मंडळाने एकमताने ठरवलं की हे त्यांच्या सल्ल्यामुळे झालं.

शीळच्या फाट्याला डावीकडे वळायचं. तिथून कल्याणचा रस्ता म्हणजे धुळीत बुडवलेले दगड. सीट जास्त हलते की दात, ते ठरवता येत नाही. पण दोन्हीकडे कापलेली भातशेतं, मळणीचे ढीग, वालाचे वेल. डोंबिवलीच्या अलीकडे मानपाड्याला चिंचेखाली तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. खाण्याचं घरून न्या. वाटेत कौतुकाशिवाय काही मिळत नाही. "बया, सारी नेसून सायकल!" असं एक म्हातारी म्हणाली, आणि तिने सायकलीलाही पाणी विचारलं.

कल्याणला बाजारात भजी बरी मिळतात. हवा भरायला सायकलच्या दुकानात थांबलो तर दुकानदाराने माझ्या गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. "बाई, विकता? भंगारात चांगला भाव देईन." मी म्हटलं, देशातल्या सगळ्या जुन्या गोष्टी भंगारात घालायच्या ठरल्या तर सुरुवात सल्ले देणाऱ्यांपासून करू. मामाने घाईने पैसे दिले.

शहाडच्या पुढे नदी होडीने ओलांडली. होडीवाल्याने सायकलींकडे बघून डोकं खाजवलं. "मानसाचं भारं येगलं, जनावराचं येगलं."

"मग सायकल कशात?"

"शिंगं हायत तिला," हँडलकडे बोट करून तो म्हणाला. "जनावरात." नवी असो की जुनी, दोन्ही बैलांचं भाडं दिलं. मामाचा चेहरा बघण्यासाठी मी दुप्पटही दिलं असतं.

टिटवाळ्याला गणपतीच्या दारात पाय धुतले आणि शेतवाटेने शाळेवर पोचलो. शाळा म्हणजे एक लांब पडवी, एक फळा आणि भिंतीला टेकून आमच्याकडे बघणाऱ्या चौदा-पंधरा मुली. शाळेचे चिटणीस धोतर सावरत बाहेर आले. सायकल पाहिली, कानटोपी पाहिली, मग मला.

"आपण सायकलवरून याल असं पत्रात होतं. आम्हांला वाटलं, ती उत्साहाची भाषा आहे."

"उत्साह वाटेत थिजला होता. नंतर निघाला."

त्यांना कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. शिक्षणसंस्थेत तसंच करतात. मग म्हणाले, "हे पाहा, सोमवारी वर्ग सुरू व्हायलाच हवेत. आपलं आज नक्की होत नसेल तर एक गृहस्थ तयार आहेत. त्यांचं शिक्षण जरा कमी आहे, पण ते गृहस्थ आहेत."

मुलींपैकी एक पुढे आली आणि तिने पायडलला बोट लावून ते उलटं फिरवलं. टकटकटक. सगळ्या हसल्या. मग दुसरीने फिरवलं. मी चिटणिसांना म्हटलं, आत बसून बोलू.

परत आगगाडीने आलो. ठाण्याहून चालत घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर होते. त्यांनी माझे रिकामे हात पाहिले. मामाची हिरवी सायकल पाहिली. विडी खाली ठेवली.

"मोरली," ते म्हणाले. "भंगार कयं टाकलीस?"

"टाकली नाही. मोडली होती. मुंब्र्याला. मी नीट केली, कुणाचा हात लागू दिला नाही. मामाला विचारा."

मामाने साक्ष दिली, आणि खरी दिली. आमच्या कुळात ही नवी रीत असावी. आबांनी विचारलं, कशानं मोडली. मी म्हटलं, तेल थिजलं. तेवढ्यात आतून आय आली, पदराला हात पुसत. "तेल कसं थिजंल? मी घातलंय ना, निगुतीनं, चांगलं खोबऱ्याचं!"

आबा तिच्याकडे बघत राहिले. ते हसले असं मी म्हणणार नाही, मिशी हलली. पण लगेच खात्यावर परतले. "म्हंजे वाटंत बंद परते ती. उद्या रईवार हाय. मी इचार करतो."

एवढ्या प्रवासातून हाती काय राहिलं? तळव्यांना फोड, साडीला रॉकेल, आणि मुंब्र्याच्या उताराचे ते दोन-तीन क्षण, जे कुणी मागितले तरी मी परत देणार नाही. स्वावलंबनाचं भाषण राहिलं नाही. ते उताराखाली सांडलं आणि मी उचललं नाही. मला आणखी एक गोष्ट कळली होती. आबांना भीती सायकलीची नव्हती. मधल्या शेताची होती, एकटीच्या वाटेची होती. त्या भीतीला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. रविवारभर विचार करून त्यांच्याजवळही ते आलं नसतं, आणि सोमवारी गृहस्थ आले असते.

म्हणून मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले आणि सांगितलं, की मी हजर होण्याच्या कागदावर सही करून आले आहे. सायकल टिटवाळ्याला स्टेशनजवळच्या एका पडवीत कुलूप लावून ठेवली आहे, आणि तिची किल्ली माझ्या पदराला बांधलेली आहे.