कळमेश्वर रस्त्यावरचा संगीत महोत्सव आणि मोमोच्या दुकानातून सुटका

नणंदेचा, सुनंदाचा, नागपूरहून फोन आला तेव्हा मी नाशिकला मेथी निवडत बसले होते. सुनंदाच्या मुलीने, मितालीने, कळमेश्वर रस्त्याला भरणाऱ्या मोठ्या संगीत महोत्सवाचे पास काढले होते आणि ऐनवेळी तिच्या मैत्रिणी गळाल्या होत्या. पोरीला एकटीला सोडायचं नाही हे सुनंदाचं ठाम. पण त्या हजारो तरुणांत आपण तरी एकटीने काय करायचं, म्हणून तिने मला ओढलं. माझी पन्नाशी उलटली आहे आणि मोठा आवाज मला सोसत नाही. तरीही रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं, कारण जानेवारीतलं नागपूर आणि तिथले तर्री पोहे या दोन गोष्टींना मी कधी नाही म्हटलेलं नाही.

सकाळी सक्करदऱ्याला सुनंदाकडे पोचले. सुनंदा शाळेत पर्यवेक्षिका आहे. प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात गप्प उभी करणं हे तिचं रोजचं काम, आणि त्यासाठी तिला माईक लागत नाही. मी पिशवीत कापसाचे बोळे टाकताना तिने पाहिलं.

"वहिनी, तुमी गाणं आयकायले चालल्या की न आयकायले?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही. मिताली हसली नाही. आपली मामी कानात कापूस घालून चारचौघांत उभी राहणार, ही कल्पना तिला पेलत नव्हती.

जाणाऱ्यांसाठी सांगते: सक्करदऱ्याहून शहर ओलांडून कळमेश्वर रस्त्याला लागायलाच तास जातो, पुढे मैदान येईपर्यंत गाड्यांची रांग. दुपारीच निघा. गाडी लांब लावावी लागते आणि उरलेला रस्ता ढेकळांतून पायी. मी बूट घातले होते. मितालीच्या पायात नवे उंच सँडल होते. त्यावर सुनंदाचं घरीच बोलून झालं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता.

प्रवेशद्वारावर 'तुमची सुरक्षा हीच आमची प्रेरणा' असा आमच्या इमारतीएवढा फलक होता. त्याच्याखाली सुरक्षेच्या कारणास्तव आमच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. आत शिरल्यावर तेच पाणी चौपट भावाने मिळत होतं, म्हणजे धोका पाण्यात नव्हता, स्वस्ताईत होता. पुढे प्रथमोपचाराचा तंबू. तंबू देखणा होता. बाहेर फुलांची कमान, कमानीत स्ट्रेचर, आणि स्ट्रेचरवर आडवं पडून फोटो काढायला पोरांची रांग. आत एक मुलगी बसली होती. डॉक्टर कुठे आहेत असं मी विचारलं, तर ती अगदी गोड आवाजात म्हणाली की ते पाहुण्यांच्या कक्षात आहेत, गरज लागली तर बोलावता येतील. फोन तर तोवर सगळ्यांचेच बंद पडले होते. एवढी माणसं एका जागी जमली की नेटवर्क आधी पळून जातं. म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आत शिरतानाच ठरवा. आम्ही पाण्याच्या टाकीपाशी ठरवलं होतं.

तरीही सुरुवात छान झाली, हे कबूल करायला हवं. ऊन उतरत होतं, हवेत गारवा होता, छोट्या मंचावर एक मुलगी नुसत्या डफावर गात होती. सुनंदा ताल धरून डोलत होती. कापूस घालूनही मला शब्द नीट कळत होते. शेजारच्या एका पोराने खुणेने माझ्याकडे बोळे मागितले, मी दिले. मिताली दुसरीकडे बघत राहिली.

गडबड संध्याकाळी झाली. मितालीचा लाडका गायक मोठ्या मंचावर यायचा होता, म्हणून आम्ही तिकडे निघालो. दोन्ही मंचांना जोडणारी वाट एकच. एका बाजूला आवाजाच्या यंत्रणेचा लोखंडी मनोरा, दुसऱ्या बाजूला खाण्याच्या दुकानांची भिंतीसारखी ओळ. छोट्या मंचावरचा कार्यक्रम संपला आणि ते सगळे लोक मोठ्या मंचाकडे निघाले. नेमक्या त्याच वेळी मोठ्या मंचाकडचे लोक खायला म्हणून अलीकडे येत होते. दोन्ही लोंढे त्या बोळात भेटले. आधी लोक हसत होते. मग चालणं थांबलं. मग हात वर करायला जागा उरली नाही.

मी कधी इतकी घाबरले नव्हते. श्वास आत जात होता, पण छाती फुगायला वाव नव्हता. कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि मी दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे धरले. तेवढ्यानेच चार बोटं जागा राहिली. मितालीला ओरडून तसंच करायला सांगितलं. ढकलणाऱ्याला उलट ढकलू नका, लाटेबरोबर सरकत कडेला जा, हे आता मी सगळ्यांना सांगते. तेव्हा मात्र आम्ही नुसत्या वाहवत होतो. आणि मंचावरून निवेदक ओरडत होता, "नागपूर, अजून जवळ या."

वाटेवर हिरवा गालिचा होता आणि त्याखाली मनगटाएवढ्या वायरी. मितालीचा पाय त्यांत अडकला, सँडल कलंडून मुरगळला आणि ती खाली गेली. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तिचे केस दिसत होते. सुनंदाने एका हाताने तिचा दंड धरला, मी पाठीवरची पिशवी धरली, आणि मागच्या एका अनोळखी बाईने आपली पाठ गर्दीला लावून आमच्यापुरती जागा अडवली. आम्ही तिला उभी केली. पाय टेकवत नव्हता.

वाहत वाहत आम्ही दुकानांच्या ओळीला लागलो. समोर मोमोचं दुकान. त्याच्यामागे पत्र्याच्या कुंपणात एक दार आणि दारावर अर्धी झाकलेली पाटी: आपत्कालीन मार्ग. दार तारेने बांधलेलं. दुकानदार म्हणाला की ही जागा त्याला आयोजकांनीच दिली आहे, आणि फुकटे आत येतात म्हणून दारही त्यांनीच बांधलं आहे.

"टेबल सरकव गा," सुनंदा म्हणाली. "मांगं माणसं दबून राहिले."

आवाज शाळेचा होता. त्याने एकदा तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, गॅस बंद केला आणि टेबल बाजूला ओढलं. मग चिमट्याने तार सोडवली. सुनंदा तिथेच उभी राहिली आणि एकेकाला हाताला धरून बाहेर काढू लागली. रांगेत, पळू नका, पुढच्याला ढकलू नका. मोठमोठे दाढीवाले बाप्ये मुकाट ऐकत होते. बोळातला दाब हळूहळू कमी होताना आम्हाला बाहेरून दिसला.

बाहेर तुरीचं शेत होतं. आम्ही बांधावर बसलो. मितालीचा घोटा सुजून टम्म झाला होता. आत तिचं आवडतं गाणं सुरू झालं आणि तेव्हा कुठे ती रडली. सुनंदाने लेकीचा पाय मांडीवर घेतला, ओढणी ओली करून गुंडाळली आणि म्हणाली, "आयक, मग जाऊ." गाणं संपेपर्यंत आम्ही बसलो. खरं सांगायचं तर तिथून फार छान ऐकू येत होतं.

कळमेश्वरला एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडाला चीर होती. प्लास्टर घालून घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिताली पाय उशीवर ठेवून पोहे खात असताना तिच्या फोनवर आयोजकांचा संदेश आला: अविस्मरणीय आणि संपूर्ण सुरक्षित संध्याकाळबद्दल आभार, कृपया पाच तारे द्या. सुनंदाने तारे दिले नाहीत, सविस्तर तक्रार पाठवली. मी संत्रा बर्फी घेऊन नाशिकला परतले.

पंधरवड्याने उत्तर आलं. सुनंदाने मला ते फोनवर वाचून दाखवलं. संबंधित व्यक्ती अनधिकृत मार्गाने बाहेर पडल्यामुळे दुखापतीची जबाबदारी घेता येत नाही. म्हणजे पाय मोडला तो रीतसर मोडला, जीव वाचला तेवढाच नियमबाह्य होता. मोमोवाल्याला पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही असंही कळलं. सुनंदाने त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात दुकान लावायला बोलावलं आहे.

माझ्यापाशी काय उरलं? लग्नाच्या हॉलमध्ये शिरले तरी मी आधी दारं बघते. नवरा हसतो. हसू दे. आणि त्या अनोळखी बाईचा चेहरा. तिने पाठ लावली नसती तर काय झालं असतं, हे मी मितालीशी अजून बोललेले नाही.

गेल्या आठवड्यात मितालीचा फोन आला. प्लास्टर निघालं होतं, आणि पुण्यात उन्हाळ्यात असाच एक महोत्सव होता. मामी, येशील का, तिने विचारलं. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "मी त्यांना फोन करून विचारलं, बाहेर पडायची दारं किती आणि कुठे आहेत."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मॅडम, हे आजपर्यंत कोणीच विचारलं नाही."