बाळारामच्या गिटारवरचं नाव

वयामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे, माझा माझ्या आठवणीवर फारसा विश्वास उरलेला नाही. ध्वनिशास्त्रात पीएच.डी. केली, जन्मभर कॉलेजात शिकवलं, पण काल कोण काय बोललं हे सांगतानाही आता दोनदा थांबतो. तरी बाळाराम पाटलाच्या गाळ्यात ऐकलेलं विसरता येत नाही. रंधा मारताना पायाशी छिलके साचतात तसे तिथे किस्से साचत. छिलके निदान त्याची बायको मंदाताई रोज झाडून टाकत. शब्द इकडचे तिकडे झाले असतील. राग मात्र जसाच्या तसा आहे, त्याचाही आणि माझाही.

बाळाराम मूळचा गव्हाणचा सुतार. कोणा खलाशानं परदेशातून आणलेली एक जुनी गिटार त्याच्याकडे दुरुस्तीला आली. तिची पाठ उघडून त्यानं आतलं काम पाहिलं आणि हा माणूस कामातून गेला. दारं-खिडक्या सुटल्या. पनवेलला उरण नाक्यामागे गाळा घेऊन तो त्याच जुन्या घाटाच्या गिटार हातानं करू लागला. लहान अंगाच्या, पातळ फळीच्या, तार छेडली की सुका, मोकळा आवाज देणाऱ्या. मंदाताई पॉलिश करत. निवृत्त झाल्यावर, दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, मी तिथे जाऊन बसू लागलो.

त्याची इच्छा एकच होती. गिटारवर त्याचं नाव असावं, आणि ते वाचूनसुद्धा कोणीतरी ती विकत घ्यावी.

*

खारघरचे एक गृहस्थ मुलासाठी गिटार बघायला आले. वाजवून पाहिली, डोळे मिटले, मान डोलावली. मग डोळे उघडून विचारलं, कंपनी कोणती?

बाळाराम म्हणाला, पाटील.

गृहस्थ हसले. ते ठीक आहे म्हणाले, पण वर नाव कोणाचं टाकून देणार? एखादं इंग्लिश स्टिकर असेलच ना? मुलाला मित्रांत बरं पडतं. बाळारामनं गिटार त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुमच्या फ्लॅटच्या दारावर कोनाची पाटी हाय?"

"माझीच."

"का? शेजाऱ्याची लावा. बरी दिसंल."

गृहस्थ गेले. मंदाताई म्हणाल्या, "आता आपल्या दारावर पन एक पाटी लावा. गिऱ्हाइकानं येऊ नये."

*

लाकूड चिकटवायला बाळाराम सरस वापरायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, मंद आचेवर तापवायचा. त्याला वास येतो, हे मी नाकारत नाही. वरच्या सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. लोकांना जेवण जात नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

ते बोलत असतानाच वारा फिरला आणि तळोज्याच्या कारखान्यांचा तो सडका, डोळ्यांत झोंबणारा वास गाळ्यात शिरला. सेक्रेटरींनी बोलणं न थांबवता रुमाल नाकाला लावला. मी विचारलं, याची तक्रार केलीत का?

"ते वेगळं आहे सर. त्या कंपन्या आहेत."

बाळारामनं सरसाचं भांडं खाली उतरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ऐकलंत? वासाला पन कंपनीचं नाव लागतं."

*

पावसाळ्यात तो चिकटवायचं काम करत नसे. हवेतलं पाणी फळीत शिरतं, ती फुगते, आणि मेमध्ये सुकली की तडकते. बाळारामच्या आजाचं मिठागर होतं. त्या सवयीनं तो फळीवर वाटीभर खडे मीठ ठेवायचा. मिठाला पाणी सुटलं की सरस बंद. मी शंकेखोर माणूस, आर्द्रता मोजायचं यंत्र आणून शेजारी ठेवलं. दोघांचं नेहमी एकमत व्हायचं. मला तेव्हा उगाचच यंत्राची काळजी वाटायची.

एका तरुण साहेबांना गणपतीत गिटार हवी होती. बाळाराम म्हणाला, दिवाळीनंतर. मीठ दाखवलं. साहेब संतापले. मीठ बघून डिलिव्हरी ठरवणारा माणूस आपण पहिल्यांदा पाहिला म्हणाले, आणि दुसरीकडून भारी नावाची गिटार घेतली. पुढच्या पावसाळ्यात तीच घेऊन परत आले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उखडली होती. आजच चिकटवून द्या म्हणाले.

बाळारामनं मिठाची वाटी त्यांच्यासमोर सरकवली. "हिला इचारा."

*

लोकांना आवाज ऐकू येत नाही, नावच ऐकू येतं, असं बाळाराम सारखा म्हणायचा. मी म्हटलं, प्रयोग करू. माझ्या जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये पडदा लावला. चर्चमध्ये वाजवणारे फ्रान्सिस सर पडद्यामागे तीन गिटार घेऊन बसले. एक कारखान्यातली नवी, एक मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागून आणलेली खरी जुनी परदेशी आणि एक बाळारामची. तिन्हींवर तीच चाल वाजवली.

बहुतेक हात तिसरीला वर झाले. गिटारचे क्लास घेणारे एक शिक्षक तर उभे राहून समजावू लागले. हा अर्धशतक मुरलेल्या लाकडाचा आवाज आहे, आज कोणाच्या बापाला असं जमणार नाही वगैरे. मी पडदा सरकवला. तिसरी बाळारामची होती.

शिक्षक खाली बसले. मग म्हणाले, "तर माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. माझं मत दुसरीला धरा."

मी आयुष्यात विद्यार्थ्यावर डस्टर फेकला नाही. त्या दिवशी हात शिवशिवला.

*

त्या हॉलमध्ये एकाच माणसाला नीट ऐकू आलं, तो म्हणजे आपली जुनी गिटार घेऊन आलेला व्यापारी. दुसऱ्या दिवशी येऊन तो बाळारामच्या तीन गिटार घेऊन गेला. अट एक, नाव नको. बाळारामनं दिल्या. गाळा चालवायचा होता.

काही महिन्यांनी आम्ही दोघं त्याच्या मुंबईच्या दुकानात गेलो. त्यांतली एक भिंतीवर टांगलेली होती. कडा घासलेल्या, पॉलिशवर मुद्दाम पाडलेले ओरखडे, डोक्यावर परदेशी नाव. बाळारामनं हात पुढे केला, तसा सेल्समन धावत आला. "काका, हात लावू नका. फार जुनी आहे." मग त्यानं आम्हाला कारागिराची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या खेड्यातला माणूस, मोजक्याच गिटार केल्या, गरिबीत मेला. बाळारामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आम्ही पनवेलला परतलो. गाळ्यात मंदाताईंनी विचारलं, काय झालं?

"मी मेलो," बाळाराम म्हणाला. "अमेरिकेत. गरिबीत."

मंदाताईंनी पॉलिशचा बोळा थांबवला नाही. "गरिबीतलं खरं हाय."

*

त्यानंतर त्यानं एक गिटार केली आणि तिच्या डोक्यावर शिंपल्याचे तुकडे बसवून ठळक मराठी अक्षरांत लिहिलं: बाळाराम पाटील, गव्हाण. ती दाराशी टांगली. येणाऱ्याला आवाज आवडायचा, नाव नको असायचं. कोणी म्हणे काढा, कोणी म्हणे निदान इंग्लिशमध्ये करा. अक्षरं थोडी लहान केली तर, असं मीही सुचवलं. बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

एका दुपारी न्हावा गावची एक कोळीण आली. मासळीची रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत शिरली. तिच्या मुलीला गिटार शिकायची होती. तिनं वाजवून बघितली नाही. एकेक अक्षर लावत नाव वाचलं. "ह्यो कोन?"

"मीच."

"मंग हीच द्या. दुसऱ्याच्या नावाची घेतली आनि मोडली, तं शिव्या कोनाला देऊ?"

बाळारामनं गिटार पुसली, पुन्हा पुसली, आणि दिली.

पुढच्या उन्हाळ्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्याला होतो. परत आलो तर बाळाराम सांगू लागला की ती बाई आली होती. मुलीनं गिटार पत्र्याखाली उन्हात ठेवली, घोडी सुटली, आणि बाईनं दारात उभं राहून सगळा नाका ऐकेल अशा शिव्या दिल्या. हे सांगताना त्याचा चेहरा इतका फुलला होता की माझा विश्वास बसेना. मंदाताई तेव्हा माहेरी होत्या, साक्षीदार कोणी नाही. नावासाठी तळमळलेला माणूस, मनानं रचलं असेल, असंच मी धरून चाललो. पुढे त्याचे हात कापू लागले, काम थांबलं, गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. आणखी काही वर्षांनी बाळाराम गेला.

परवा-परवा मासळी बाजारात आवाज ओळखीचा वाटला म्हणून थांबलो. तीच बाई, केस पांढरे झालेले. मी विचारलं, त्या गिटारवाल्याकडे परत कधी गेला होतात का?

"गेलते ना. मी शिव्या देतेय आनि तो मेला हसतोय. मंग आनकी दिल्या. तितंच बसून चिकटवून घेतली."

मला खात्री करायची होती. विचारलं, "नाव घेऊन दिल्यात?"

सुरमईवरचा हात थांबवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तं काय! पुरं नाव घेऊन. बापासकट, गावासकट."